पत्ता माद्रिदचा, वाचक मनिलाचा

३ मे १८८२ रोजी मनिलाच्या बंदरातून 'साल्वादोरा' नावाची बोट सिंगापूरकडे निघाली. तिच्यावर वैद्यकीचा एक विद्यार्थी होता. वय वीस, पासपोर्टवर नाव होसे मेर्कादो. आपण चाललो आहोत हे त्याने आईवडिलांना सांगितलं नव्हतं. बेत ठाऊक होता तो थोरल्या भावाला, पासियानोला, आणि मोजक्या नातलगांना. पासियानोने प्रवासाचे पैसे उभे केले आणि पुढे युरोपातही तोच खर्च पाठवत राहिला. हा विद्यार्थी म्हणजे होसे रिझाल, डोळ्यांचा डॉक्टर, दोन कादंबऱ्यांचा लेखक आणि आज फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष. मध्ये सहा महिने तो मायदेशी राहून गेला, तेवढे सोडले तर १८९२पर्यंत त्याचा मुक्काम बाहेरच होता : माद्रिद, पॅरिस, हायडेलबर्ग, बर्लिन, लंडन, ब्रसेल्स, गेंट, हाँगकाँग.

त्या दहा वर्षांचं मोल काय, यावर साताऱ्यातल्या एका घरात दोन माणसांचं पटत नाही. मामा निवृत्त इतिहासशिक्षक. भाची दावाओहून डॉक्टर होऊन आलेली. फिलिपिन्समध्ये १९५६च्या कायद्याने रिझालचं चरित्र आणि त्याच्या दोन्ही कादंबऱ्या अभ्यासक्रमात सक्तीच्या झाल्या, त्यामुळे वैद्यकीआधीच्या पदवीत तिलाही तो पेपर द्यावा लागला. पोरगी भारावून येईल असं मामांना वाटलं होतं. ती आली ती हुज्जत घालायच्या तयारीने.

"मामा, या लोकांनी दहा वर्षं माद्रिदचं दार ठोठावलं. उघडलं का कुणी?"

तिचा प्रश्न बिनबुडाचा नाही. स्पेनमध्ये जमलेल्या फिलिपिनो तरुणांच्या मागण्या आज वाचल्या तर माफकच वाटतात. फिलिपिन्सला स्पेनच्या संसदेत, म्हणजे कोर्तेसमध्ये, प्रतिनिधित्व द्या. कायद्यापुढे स्पॅनिश माणूस आणि फिलिपिनो माणूस सारखे धरा. छापण्याचं आणि सभा घेण्याचं स्वातंत्र्य द्या. गावोगावच्या चर्चवर धर्मसंघांच्या स्पॅनिश पाद्र्यांची जी पकड आहे ती सोडवा, तिथे देशी धर्मगुरू नेमा. कोर्तेसमधली जागा तर फिलिपिन्सला आधी तीनदा मिळाली होती आणि १८३७मध्ये काढून घेण्यात आली होती. क्यूबा आणि पोर्तो रिकोचे प्रतिनिधी तिथे बसत होते. म्हणजे मागणी नवी नव्हती, अशक्यही नव्हती. तरी ती अखेरपर्यंत मान्य झाली नाही.

"नाही उघडलं," मामा म्हणाले. "स्पेनच्या लेखी ही चळवळ पूर्ण फसली, हे मी शाळेतही असंच शिकवलं असतं. पण तू पाकिटावरचा पत्ता बघतेयस. पत्र फोडून वाचलं कुणी, ते बघ."

मामांचं सगळं म्हणणं या एका वाक्यात येतं. अर्ज माद्रिदच्या नावे होते, वाचक मनिलात तयार झाला. भाचीला हे सहजासहजी पटणार नव्हतं, आणि तिने ज्या जागा दाखवल्या त्या मामांनाही चुकवता आल्या नाहीत.

पहिली जागा भाषेची. 'ला सोलिदारिदाद' हे पाक्षिक १५ फेब्रुवारी १८८९ रोजी बार्सिलोनात निघालं. आधी ग्रासियानो लोपेझ हाएना, मग मार्सेलो देल पिलार संपादक. व्यवस्थेचा भार मारियानो पोन्सेवर, तोही वैद्यकीचाच विद्यार्थी. पाक्षिक स्पॅनिशमध्ये. रिझालची पहिली कादंबरी 'नोली मे तांगेरे' स्पॅनिशमध्ये, दुसरी 'एल फिलिबुस्तेरिस्मो'ही स्पॅनिशमध्ये.

"रिझालच्या कलाम्बा गावातल्या कुळांना स्पॅनिश येत होतं का? कोळ्याला, भातशेतीवरच्या मजुराला? ही पुस्तकं त्यांच्यावर आहेत, त्यांच्यासाठी नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलींनीसुद्धा भाषांतरातच वाचली."

मामांनी लगेच मालोलोसचा दाखला काढला. १८८८च्या डिसेंबरात या गावातल्या वीस तरुणी गव्हर्नर जनरल वेयलरसमोर अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. मागणी एकच : आम्हाला स्पॅनिश शिकायचं आहे, रात्रीची शाळा काढू द्या. गावच्या पाद्र्याचा विरोध होता. देशी लोकांना स्पॅनिश येऊ नये यातच पाद्र्यांची सत्ता होती, कारण सरकार आणि रयत यांच्यात बोलणारा मधला माणूस तेच होते. देल पिलारने ही हकिगत रिझालला कळवली आणि त्या तरुणींना पत्र लिही म्हणून गळ घातली. रिझाल तेव्हा लंडनमध्ये होता. फेब्रुवारी १८८९मध्ये त्याने लांबलचक पत्र लिहिलं, आणि ते तागालोगमध्ये लिहिलं.

"एक पत्र," भाची म्हणाली.

"एक पत्र नव्हे. देल पिलार परदेशी जाण्याआधी मनिलात पाद्र्यांच्या प्रार्थनांची तागालोग विडंबनं करून वाटत होता. आणि रिझालची तिसरी कादंबरी? हाँगकाँगमध्ये तो ती तागालोगमध्ये लिहायला बसला होता. अपुरी राहिली, पण वळण कुठे होतं ते दिसतंच."

इथे मामांचं पारडं थोडं जड होतं, तरी भाचीचा मूळ आक्षेप उरतोच. अपुऱ्या कादंबरीने कुळाच्या हातात काही पडलं नाही.

वैद्यकीचा विषय निघाला तेव्हा मात्र भाचीचा सूर बदलला. तिथे ती मामांपेक्षा जास्त जाणते आणि रिझालविषयीचं तिचं खरं प्रेम तिथेच दिसतं. रिझालच्या आईची, तेओदोरा आलोन्सोची, दृष्टी मोतीबिंदूने जात होती. मुलाने नेत्रवैद्यक निवडलं ते त्यामुळे. १८८४मध्ये माद्रिदहून वैद्यकीची सनद मिळवून तो पॅरिसला लुई द वेकर यांच्या हाताखाली राहिला आणि १८८६मध्ये हायडेलबर्गला ओटो बेकर यांच्या नेत्ररुग्णालयात गेला.

"तुम्हाला कल्पना आहे का, मामा, तो कोणत्या घडीला तिथे पोचला? १८८४च्या सप्टेंबरात याच हायडेलबर्गमध्ये नेत्रवैद्यांच्या सभेत पहिल्यांदा जाहीर झालं की कोकेनचे थेंब घातले की डोळा बधिर होतो. त्याआधी जागा असलेला माणूस धरून ठेवायचा आणि डोळ्याला सुरी लावायची. रोग्याने मान हलवली की संपलं. दीड वर्षाने रिझाल त्या गावात शिकत होता. हे त्याला मनिलात कुणी शिकवलं असतं? त्याच्या शिक्षणासाठी बाहेर जाण्यावर माझं काहीच म्हणणं नाही. त्याने आईचा डोळा स्वतः कापला, हाँगकाँगमध्ये. माझं म्हणणं राजकारणाचं आहे."

"पण तो दोन्ही एकाच खोलीत बसून करत होता," मामा म्हणाले. ते खरंच आहे. हायडेलबर्गच्या दिवसांत तो जवळच्या विल्हेल्म्सफेल्ड गावी पाद्री कार्ल उल्मर यांच्या घरी राहायला गेला आणि 'नोली'ची शेवटची प्रकरणं तिथे लिहिली. त्याच उन्हाळ्यात बोहेमियातल्या लाइटमेरिट्झ गावच्या एका शिक्षकाला, फर्डिनांड ब्लुमेनट्रिट यांना, त्याने पहिलं पत्र पाठवलं. ब्लुमेनट्रिट फिलिपिन्सला कधी गेले नव्हते, पण तिथल्या भाषा आणि समाज यांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. हा पत्रव्यवहार रिझालच्या मृत्यूपर्यंत चालला. मग बर्लिन. तिथल्या हिवाळ्यात घरून पैसे यायचे थांबले, छपाईला पैसे नाहीत, जेवणाचेही हाल. माक्सिमो व्हियोला हा मित्र, तोही डॉक्टर, भेटायला आला आणि त्याने ३०० पेसो दिले. मार्च १८८७मध्ये २,००० प्रती छापून झाल्या.

त्या प्रती मनिलात चोरून गेल्या. सांतो तोमास विद्यापीठाच्या समितीने पुस्तकाला धर्मद्रोही ठरवलं, सरकारी सेन्सॉरने बंदीची शिफारस केली, पाद्र्यांनी त्याच्याविरुद्ध पत्रकं काढली. कादंबरीत एका स्पॅनिश पाद्र्याचं पाप आहे, एका सुशिक्षित तरुणाची शाळा काढण्याची धडपड आहे, आणि तिचा चुराडा आहे. ऑगस्ट १८८७मध्ये रिझाल स्वतः कलाम्बाला परतला आणि दवाखाना मांडून बसला. जर्मनीहून आलेला म्हणून लोक त्याला 'डॉक्टर उलिमान' म्हणू लागले, दूरदूरचे रोगी यायला लागले. गव्हर्नर जनरल तेरेरो यांनी त्याच्या रक्षणाला एक तरुण स्पॅनिश अधिकारी दिला, आणि पाद्र्यांचा दबाव वाढला तसा देश सोडण्याचा सल्लाही दिला. फेब्रुवारी १८८८मध्ये तो पुन्हा निघाला. पहिल्या वेळी तो आपल्या मर्जीने गेला होता. या वेळी जावं लागलं.

लंडनच्या वर्षाविषयी मामा बोलायला लागले की थांबत नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून रिझालने अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९चा फिलिपिन्सवरचा ग्रंथ हाताने उतरवून घेतला आणि त्यावर टिपा लिहिल्या. म्युझियमचं दार त्याला उघडून देणारे होते राइनहोल्ड रोस्ट, संस्कृतचे पंडित आणि लंडनच्या इंडिया ऑफिसचे ग्रंथपाल. "आपल्याकडची हस्तलिखितं सांभाळणारा माणूस एका फिलिपिनो डॉक्टरला त्याचा इतिहास शोधायला मदत करतो," मामा म्हणाले, "आणि तो इतिहास मनिलात मिळत नव्हता, हे लक्षात घे. राज्यकर्त्याच्या राजधानीबाहेर, तिसऱ्याच देशात मिळाला." टिपांचा रोख एकच : स्पॅनिश येण्याआधी या बेटांवर व्यापार होता, जहाजबांधणी होती, लेखन होतं. ग्रंथ १८९०चा म्हणून पॅरिसला छापला गेला.

"आणि ब्लुमेनट्रिटने प्रस्तावनेत काय लिहिलं?" भाची म्हणाली. "जुन्या माणसांना आजच्या मापाने मोजतोस म्हणून त्याचे कान उपटले. हेसुद्धा मी परीक्षेत लिहिलंय."

मामा हसले. मित्राच्या ग्रंथाला मित्रानेच असा टोला द्यावा आणि लेखकाने तो तसाच छापावा, हे त्यांना रिझालच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं. भाचीला तो टोला बरोबर वाटतो. दोघांचंही खरं आहे.

कलाम्बाच्या बाबतीत मात्र हसण्याजोगं काही नाही, आणि या सगळ्या वादात भाचीचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे. कलाम्बाची जमीन डोमिनिकन धर्मसंघाची. रिझालचं घराणं तिथलं मोठं कूळ. खंड वाढत चालला होता. १८८७मध्ये सरकारने जमिनीची माहिती मागवली तेव्हा रिझालने गावकऱ्यांच्या वतीने खरीखुरी हकिगत लिहून दिली, त्यावर कुळांनी सह्या केल्या, आणि महिन्याभरात तो बोटीवर चढला. मागे राहिले ते सह्या करणारे. त्याच्या वडिलांनी खंड देणं नाकारलं, धर्मसंघ कोर्टात गेला. एका मेव्हण्याला, मानुएल इदाल्गोला, बोहोल बेटावर हद्दपार केलं. दुसरा मेव्हणा, मारियानो एर्बोसा, १८८९मध्ये कॉलऱ्याने गेला, तर चर्चने त्याला पवित्र भूमीत पुरू दिलं नाही. रिझालने त्यावर 'ला सोलिदारिदाद'मध्ये जळजळीत लेख लिहिला. कुळं खालच्या कोर्टात हरली, वरच्या कोर्टात हरली. १८९०मध्ये वेयलरने गावात सैन्य धाडलं. लोकांना घरातून बाहेर काढलं, घरं पाडली. म्हातारे आईवडील बेघर झाले. पासियानो मिंदोरो बेटावर हद्दपार.

"तो तेव्हा युरोपात होता," भाची म्हणाली. "माद्रिदला जाऊन देल पिलारसोबत वसाहतमंत्र्याला भेटला, सभा घेतल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं. काय झालं? लिहिणारा हजारो मैलांवर सुरक्षित आणि त्याच्या लिहिण्याची किंमत भरायला आई, बाप, भाऊ, मेव्हणे. मामा, पासियानो कधीच युरोपात गेला नाही. त्याने पैसे पाठवले, हद्दपारी भोगली, १८९६मध्ये भावाविरुद्ध जबानी दे म्हणून त्याचे हालहाल केले तरी सही केली नाही. पुढे तो क्रांतीच्या सैन्यात जनरल झाला. त्याचा पेपर मला कुणी दिला नाही."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे तू मला सांगतेयस, पण हेच तो स्वतःला सांगत होता. म्हणून तर तो फिरला."

हा फिरण्याचा क्षण त्याच्या चरित्रात नीट दिसतो. १८९१च्या नववर्षाच्या सुमाराला माद्रिदच्या फिलिपिनो मंडळींनी आपला एक जबाबदार पुढारी निवडायचं ठरवलं. रिझाल आणि देल पिलार या दोघांमध्ये मतं विभागली, पुन्हा पुन्हा मतदान झालं, अखेर रिझाल निवडून आला. मन मात्र विटलं होतं. त्याने पद सोडलं, पाक्षिकात लिहिणं बंद केलं. भांडण माणसांचं होतं तसंच धोरणाचंही. देल पिलारचा विश्वास होता की माद्रिदमधल्या उदारमतवादी पक्षांना धरून राहिलं तर सुधारणा पदरात पडतील. कलाम्बानंतर रिझालचा तो विश्वास उडाला होता. लढायची जागा फिलिपिन्समध्येच आहे, असं तो पत्रांतून स्पष्ट लिहू लागला. टिळक-आगरकरांच्या वादावर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे ओळखीचं काही दिसेल. मात्र त्या दोघांचं भांडण आधी काय करायचं यावर होतं, यांचं कुठे उभं राहून करायचं यावर.

त्याच वर्षी सप्टेंबरात गेंटला 'एल फिलिबुस्तेरिस्मो' छापून झाली. पुन्हा पैसे संपले, छपाई अर्ध्यात थांबली, पुन्हा एका मित्राने, व्हालेन्तिन व्हेन्तुराने, हात दिला. पुस्तक १८७२मध्ये मृत्युदंड दिलेल्या गोमेस, बुर्गोस, सामोरा या तीन देशी धर्मगुरूंना अर्पण केलेलं आहे. रिझाल तेव्हा अकरा वर्षांचाही नव्हता. पासियानो मात्र बुर्गोसच्या जवळचा होता, आणि ती जखम त्या घरात कधी भरली नाही.

देल पिलारचं काय झालं हेही इथे सांगायला हवं, कारण रिझालच्या तेजात त्याच्याकडे दुर्लक्ष होतं आणि ते अन्यायाचं आहे. १८८८मध्ये अटक टाळण्यासाठी तो बायको आणि दोन मुलींना मागे ठेवून स्पेनला आला. पुढे जवळपास सहा वर्षं त्याने पाक्षिक ओढलं. रस्त्यावरची सिगारेटची थोटकं उचलून भूक मारायचा, असं त्याच्याविषयी सांगतात. १५ नोव्हेंबर १८९५ला शेवटचा अंक निघाला. जानेवारी १८९६मध्ये बार्सिलोनात लोपेझ हाएना क्षयाने गेला, ४ जुलैला त्याच गावात क्षयानेच देल पिलार. मुलींची पुन्हा भेट झाली नाही.

रिझालने हाँगकाँगमध्ये दवाखाना उघडला. आईवडील, बहिणी तिथे आल्या. कमाई चांगली होती, आणि राहिला असता तर म्हातारपणापर्यंत जगला असता. जून १८९२मध्ये त्याने दोन लखोटे एका पोर्तुगीज डॉक्टर मित्राकडे ठेवले, माझ्या मरणानंतर उघडा म्हणून, आणि २६ जूनला मनिलात उतरला. ३ जुलैला तोंदोमध्ये 'ला लीगा फिलिपिना' स्थापन केली. तिचे सभासद एकमेकांना संकटात मदत करणार होते, शिक्षण, शेती, व्यापार वाढवणार होते, आणि सुधारणा मागणार होते. ६ जुलैला त्याला पकडलं. लगेचच मिंदानावच्या उत्तर किनाऱ्यावर दापितानला हद्दपार.

दापितानचं नाव निघताच भाची सरसावून बसली. ती तिथे जाऊन आली आहे. तालिसायच्या किनाऱ्यावर त्याची घरं जशी होती तशी पुन्हा उभारलेली आहेत, आणि गावच्या चौकात त्याने मातीने घडवलेला मिंदानावचा नकाशा आहे.

"आता हे बघा. चार वर्षं. हद्दपार माणूस, पहारा, पत्रं तपासली जातात. आल्यावर लॉटरीत ६,२०० पेसो मिळाले, त्यातून जमीन घेतली. दवाखाना काढला, पैसेवाल्याकडून फी घ्यायची, गरिबाला फुकट. गावात पाणी आणलं बांबूच्या नळांतून, उतार साधून. रस्त्यावर खोबरेल तेलाचे दिवे लावले. मुलांची शाळा काढली, तीन मुलांपासून एकवीसपर्यंत. फी नाही, त्याऐवजी बागेत काम. पाली, बेडूक, किडे गोळा करून जर्मनीला पाठवले, तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या नावाने त्यांना नावं दिली. मामा, दहा वर्षं युरोपात जे झालं नाही ते चार वर्षांत एका खेड्यात झालं. मी डॉक्टर म्हणून कुठला रिझाल निवडू? मला दापितानचा द्या."

या बोलण्यात तिचा स्वतःचाही प्रश्न आहे. कर्ज काढून बाहेर शिकलेल्या मुलीने आता कुठे बसायचं, हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही, आणि मामांना ते कळतं. म्हणून त्यांनी दापितानला हात लावला नाही. फक्त विचारलं, "तिथे जे किडे पाठवले ते कुणाला पाठवले? जर्मनीतल्या ज्या लोकांशी ओळख युरोपात झाली, त्यांनाच. डोळा कापायला लोक हाँगकाँगहून तिथे यायचे ते कुणाचं नाव ऐकून? आणि स्पेनने त्याला हद्दपार कशासाठी केलं? नळ घातले म्हणून नाही."

मग बोनिफासियो. ज्या दिवशी रिझालच्या हद्दपारीचा हुकूम बाहेर आला, त्या ७ जुलै १८९२ रोजी आंद्रेस बोनिफासियो आणि त्याच्या सोबत्यांनी 'कातिपुनान' ही गुप्त संघटना उभी केली. बोनिफासियो परदेशी पेढीच्या गोदामात काम करणारा, आईबाप लवकर गेलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. लीगाच्या स्थापनेच्या सभेला तो हजर होता. त्याच्याकडच्या पुस्तकांत फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास होता, व्हिक्टर ह्यूगो होता, आणि रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या होत्या.

"हा तुझा मनिलातला वाचक," मामा म्हणाले. "गोदामातला कामगार. स्पॅनिश पुस्तक, छापलेलं बर्लिनमध्ये, आलेलं चोरून, आणि पोचलेलं याच्यापर्यंत. माद्रिदचे मंत्री वाचत नव्हते, हा वाचत होता."

"वाचून त्याने जे केलं ते लेखकाला मान्य नव्हतं, हे पण सांगा ना. १८९६च्या जूनमध्ये डॉक्टर पियो व्हालेन्सुएलाला त्याने उठावाबद्दल विचारायला दापितानला धाडलं. सोबत एक आंधळा रोगी, संशय येऊ नये म्हणून. रिझाल म्हणाला, तयारी नाही, शस्त्रं नाहीत. आणि उठाव झाल्यावर पकडला गेला तेव्हा १५ डिसेंबरला कोठडीतून जाहीरनामा लिहिला की हा उठाव मला मंजूर नाही. घरी परता, असं लोकांना सांगितलं त्यात."

व्हालेन्सुएलाची साक्ष गुंतागुंतीची आहे. पकडला गेल्यावर त्याने स्पॅनिश अधिकाऱ्यांना सांगितलं की रिझालने साफ विरोध केला. बऱ्याच वर्षांनी आठवणी सांगताना तो म्हणाला की विरोध उठावाला नव्हता, बिनतयारीच्या उठावाला होता; श्रीमंतांना आत ओढा, शस्त्रं आणा, असा सल्ला त्याने दिला. पहिली जबानी कोठडीतली होती, रिझालचा जीव आणि स्वतःचा जीव दोन्ही टांगणीला असतानाची. दुसरी रिझाल राष्ट्रपुरुष झाल्यानंतरची. दोन्हींवर डोळे मिटून विश्वास ठेवणं कठीण आहे. जाहीरनाम्याचं मात्र कागदावर आहे. तो स्पॅनिश सरकारने छापला नाही, कारण लष्करी न्यायखात्याच्या अधिकाऱ्याने शेरा मारला की हा माणूस उठावाचा निषेध करतो, स्वातंत्र्याच्या आकांक्षेचा करत नाही.

"सरकारी वकिलाने तुझ्यापेक्षा नीट वाचलं," मामा म्हणाले. "२६ डिसेंबरच्या खटल्यात पुरावा म्हणून काय ठेवलं? पत्रं, लेख, लीगाचे कागद. ३० तारखेला बागुम्बायानच्या मैदानात गोळ्या घातल्या त्या त्या कागदांना."

"आणि रेनातो कोन्स्तान्तिनो? फिलिपिनो इतिहासकारच म्हणतो की स्पेननंतर राज्यावर आलेल्या अमेरिकनांनी रिझालला डोक्यावर घेतलं, कारण तो बंडखोर नव्हता. बोनिफासियो त्यांना परवडला नसता. १९६९मध्ये त्याने हे जाहीर भाषणात मांडलं."

"मांडलं, आणि अर्धं बरोबर मांडलं. पण अमेरिकन राज्य बसायच्या आधी, १८९८च्या डिसेंबरात, ३० तारीख राष्ट्रीय शोकदिन म्हणून क्रांतिसरकारचा प्रमुख आगुइनाल्दो याने जाहीर केली होती. कातिपुनानच्या सभांत रिझालची तसबीर लावत असत. ती अमेरिकेने लावली नव्हती."

सिंगापूरवरही त्यांचं भांडण झालं. क्यूबात पीतज्वराने सैनिक मरत होते. तिथे लष्करी डॉक्टर म्हणून जायची तयारी रिझालने दाखवली होती आणि गव्हर्नर जनरल ब्लांकोची परवानगी मिळाली होती. सप्टेंबर १८९६मध्ये 'इस्ला दे पानाय' बोटीतून तो स्पेनला चालला असताना इकडे उठाव पेटला होता. सिंगापूरला पेद्रो रोहास हा श्रीमंत सहप्रवासी उतरून गेला आणि त्याने रिझाललाही उतरायला सांगितलं. ब्रिटिश बंदर, पाऊल टाकलं की सुटका. रिझाल उतरला नाही. बार्सिलोनाला पोचताच माँजुइकच्या किल्ल्यात टाकून त्याला परत धाडलं. भाची म्हणते, तिथे उतरला असता तर कातिपुनानला हवा असलेला माणूस बाहेर मोकळा राहिला असता. म्हणजे परदेशी असण्याचा खरा उपयोग होता त्याच वेळी त्याने तो नाकारला. मामांकडे यावर धड उत्तर नाही. गव्हर्नर ब्लांकोला दिलेला शब्द त्याने पाळला, एवढंच ते म्हणतात.

शेवटी गोष्ट आली पोन्सेवर. पाक्षिकाचा हा व्यवस्थापक १८९६मध्ये स्पेनमधून निसटून हाँगकाँगला गेला, आणि तिथून १८९८मध्ये आगुइनाल्दोच्या सरकारचा प्रतिनिधी म्हणून जपानला. आता त्याच्या हाती अर्ज नव्हते. योकोहामात त्याची ओळख चिनी क्रांतिकारक सुन यत्-सेनशी झाली आणि त्या मदतीने त्याने बंदुका आणि दारूगोळा मिळवला. अमेरिकेशी युद्ध सुरू झालेलं होतं. जुलै १८९९मध्ये 'नुनोबिकी मारू' ही बोट माल घेऊन निघाली आणि चीनच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाली.

"कोर्तेसमध्ये जागा द्या म्हणणारा दहा वर्षांत बंदुकांच्या खरेदीवर आला," मामा म्हणाले. "आणि जपानमध्ये बसून परक्या देशाशी बोलणी करायची अक्कल कुठून आली? बार्सिलोनातून."

"बंदुका पोचल्या नाहीत. आणि पुढचं सांगायचं राहिलं. १९०९मध्ये हाच पोन्से अमेरिकन अमलाखालच्या विधानसभेत निवडून गेला. रिझालचा नातलग गालिकानो आपासिब्ले, तोही डॉक्टर, बार्सिलोनातल्या फिलिपिनो मंडळाचा पहिला अध्यक्ष, हाँगकाँगच्या क्रांतिसमितीचा प्रमुख. तो अमेरिकनांच्या राज्यात बातांगास प्रांताचा गव्हर्नर झाला, मग शेतीखात्याचा सचिव. परदेशात शिकलेल्यांना खुर्च्या मिळाल्या, मामा. कातिपुनानच्या मजुरांना काय मिळालं?"

"काही नाही मिळालं. तो हिशेब मी नाकारत नाही," मामा म्हणाले. "पण १९०९च्या पोन्सेवर राग काढायला १८९९चा पोन्से खोडू नकोस. १९१८मध्ये सुन यत्-सेनना भेटायला निघालेला असताना तो हाँगकाँगला वारला. विधानसभेत बसलेला माणूस चीनच्या क्रांतिकारकाला भेटायला का निघाला होता, याचं उत्तर तुझ्या पेपरात होतं का?"